आबांचं डिस्चार्ज बुक

१९ जून १९९५, केडगाव

स्वतःच्या हक्काची गोष्ट मागायला माणसाला लाज का वाटावी? तीन दिवस हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं. हक्क आणि कर्तव्यं यांवर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहून आले. आबांपुढे त्यातली एक ओळ चालत नाही.

शुक्रवारी निकाल लागला. पहिला वर्ग, तोही चारच मार्कांनी, पण पहिला. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. आईने गल्लीत पेढे वाटले. कोणीतरी विचारलं, "आता लग्नाचं बघायचं का सुमनबाई?" आई म्हणाली, "आता बीएडचं बघायचं. मास्तरीण व्हायचं हाय तिला."

नगरच्या ज्या कॉलेजात बी.एड.ला जायचंय ते विनाअनुदानित आहे. फी ऐकून आई मटकन खाली बसली. आजवर शिष्यवृत्तीवर शिकले. या वर्षी आबांची पेन्शन आणि एमआयडीसीतला वॉचमनचा पगार मिळून आमचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं. थोडंसंच गेलं, पण गेलं. राहता राहिली माजी सैनिकांच्या मुलांची सवलत. पूर्ण फी माफ, शिवाय पुस्तकांना पैसे. त्याला एकच गोष्ट लागते, आबांचं डिस्चार्ज बुक. फौजेतून निवृत्त होताना सैनिकाला ते मिळतं. सगळी नोकरी त्यात लिहिलेली असते. आबांचं बुक ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली आबांच्या कडदोऱ्याला.

मी म्हटलं, "आबा, फक्त एक झेरॉक्स काढायची आहे."

"सरकारनं एकवीस वर्सं पोसलं. पेन्शन दिली. आनी किती मागायचं?"

"ही भीक नाही आबा. हक्क आहे."

"व्हय, हक्क हाय. म्हणून मागितलाच पायजे आसं कुठं हाय?"

आई भाकरी थापत होती. एरवी ती अशा वेळी माझ्या बाजूने बोलते. आज नुसती थापत राहिली.

किती स्वाभिमान असावा एखाद्यात! मला राग येतो आणि त्याच वेळी ऊर भरूनही येतो.


२३ जून

आबांबद्दल एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

नायक बन्सी गणपत भिंगारदिवे. मूळ गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. बासष्ट साली भरती, त्र्याऐंशीला निवृत्त. निवृत्तीनंतर केडगावात या दोन खोल्या बांधल्या. इथे आमच्या घराला 'फौजीचं घर' म्हणतात. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ दोन खुर्च्या ठेवतात. एकीवर माजी सुभेदार काकासाहेब बसतात, दुसरीवर आबा. त्या दिवशी आबा मिशीला तेल लावतात.

एकाहत्तरच्या लढाईत ते सीमेवर होते. पण लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं की फार सांगत नाहीत. खरे शूर लोक बढाया मारत नाहीत म्हणतात ते आबांकडे बघून पटतं. सांगतात ते एवढंच: "सगळ्यांच्या आदी उठायचो. पहाटे तीनला. कंपनी नंतर उठायची." किंवा, "कमांडर म्हणायचे, बन्सी, तुझ्याबिगर कंपनी एक पाऊल हलायची न्हाई." आजही ते चारच्या पुढे झोपत नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. लहानपणी मी विचारलं तर म्हणाले, "फौजेत भाजलं." एवढंच. सातवीत मी 'माझे वडील' निबंधात या डागांवर पान भरून लिहिलं होतं, तोफगोळ्यांच्या वर्षावासकट. जोशी सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. आबांना घरी दाखवला तर त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

स्वयंपाकघरात मात्र आबा पाऊल ठेवत नाहीत. आई तापाने फणफणली तरी शेजारच्या मनकर्णाबाईंना बोलावतील, पण चुलीकडे जाणार नाहीत. एवढी एकच जुनी खोड. बाकी बाबतीत आबा फार पुढच्या विचारांचे आहेत.


२७ जून

आज सैनिकांच्या कार्यालयात जाऊन आले. तिथे गोरक्षनाथ म्हणून भाऊसाहेब आहेत, स्वतः माजी सैनिक, डाव्या हाताला दोन बोटं कमी. मला वाटलं होतं हेलपाटे घालायला लावतील. उलट पाणी दिलं, बसवलं, आणि माझी मार्कशीट बघून बाजूच्या शिपायाला म्हणाले, "बघ रे, नायकाची पोरगी. फस्ट क्लास."

"बुक घेऊन ये," म्हणाले. "त्याच दिवशी दाखला देतो. वडलांचा ट्रेड काय?"

ट्रेड म्हणजे फौजेतलं काम. मी म्हटलं, "ट्रेड कसला? ते लढाऊ होते. पायदळात. कंपनीच्या आधी, पहाटे तीनला उठायचे."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बुक बघितलंय का तू?"

"नाही अजून."

"मग आदी बघ," म्हणाले, आणि दुसऱ्या माणसाला पुढे बोलावलं.

येताना कॉलेजचा प्रवेश अर्ज भरून टाकला. त्यात रकाना होता: पालकाचा हुद्दा आणि सैन्यातील सेवेचे स्वरूप. मी शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नायक. पायदळ. प्रत्यक्ष लढाऊ सेवा. १९७१च्या युद्धात सहभाग, दोन्ही हातांना जखमा.' जागा पुरली नाही म्हणून समासात लिहावं लागलं.


३ जुलै

काय दिवस गेला! मुलाखत झाली आणि तात्पुरता प्रवेश मिळाला. एकतीस जुलैपर्यंत सैनिक कार्यालयाचा दाखला आणि डिस्चार्ज बुकाची प्रत द्यायची, की पक्का. नाही दिली तर पूर्ण फी भरायची किंवा जागा सोडायची.

प्राचार्या प्रेमला मॅडम स्वतः होत्या. पांढरी खादीची साडी, आवाज हळू, पण सगळे ऐकतात. असं बोलता आलं पाहिजे. अर्ज वाचता वाचता त्या थांबल्या.

"दोन्ही हातांना जखमा?"

"हो मॅडम. ते स्वतः कधी बोलत नाहीत."

मग मी बोलले. किती बोलले ते आता आठवत नाही. पहाटे तीनला उठणं, कमांडरचे शब्द, सगळं. मॅडमचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. म्हणाल्या, "आमच्याकडे पुढारी खूप येऊन बोलतात. या पंधरा ऑगस्टला तुझ्या वडिलांना बोलावू. उद्याच्या शिक्षकांनी असा माणूस बघायला हवा."




४ जुलै

आबांना सांगितलं. वाटलं होतं, आता तरी विरघळतील.

ते जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला. "कुनाला इचारून सांगितलंस?"

"त्यात विचारायचं काय? खरंच आहे ना ते?"

"काय काय सांगितलंस?"

मी सांगितलं. जखमांचंही सांगितलं. आबा उठले, हात धुतले आणि पाळीची वेळ व्हायला दोन तास असताना सायकल काढून निघून गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच. अन्न टाकलेलं आबांना चालत नाही. मी पहिल्यांदाच बघितलं.

आई म्हणाली, "कशाला पुढं पुढं पळती गं तू?"


१२ जुलै

आज आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला म्हणून विहारात भोजन होतं, दोनशे माणसांचं. एक गमतीची गोष्ट घडली. मागच्या बाजूला डाळीचं मोठं पातेलं चढवलं होतं. आबा भंतेजींना वंदन करून परत निघाले होते, पातेल्यापासून चांगले वीस पावलं लांब. चालता चालता थांबले, नाक वर केलं आणि आचाऱ्याला म्हणाले, "खाली धरतंय. दोन लाकडं वढ. आनी मीठ घातलंच न्हाई तू."

आचारी हसला. "फौजी, बंदूक सोडून आमच्यात कुठं?" मग त्याने डाव घातला तर खरंच तळाला लागत होतं. चव घेतली आणि मिठाचा डबा शोधायला लागला. तोवर आबा फाटकाबाहेर गेले होते.

सैनिकाची इंद्रियं किती तीक्ष्ण असतात! शत्रूकडचा धूर वासावरून ओळखायची सवय असणार.


१६ जुलै

माझी मोठी बहीण भारतीताई राहात्याहून, सासरहून आली आहे. माझ्यासाठी साडी आणली, बी.एड.च्या वर्गात नेसायला. मी तिला सगळं सांगितलं. आबा कसे अडून बसलेत, सवलत कशी आहे. ती साडीची घडी घालत होती. म्हणाली, "पण ती सवलत फक्त ऑफिसरांच्या मुलांना असते ना?"

"कोण म्हणालं?"

"आबाच. दहावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. पंच्याऐंशी साली. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की माजी सैनिकांच्या मुलींना सोय आहे. आबा म्हणाले, ती साहेब लोकांच्या पोरींना, आपल्याला न्हाई बसत."

अर्जावर साफ लिहिलंय, सर्व हुद्द्यांचे माजी सैनिक. दहा वर्षांपूर्वी नियम वेगळा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती बाळाचं दूध बघायला म्हणून उठून आत गेली. बाळ झोपलेलं होतं.

आबा खोटं बोलत नाहीत. मग त्यांना माहीत नसेल. पण माहीत नव्हतं तर आता त्यांनी कपाळाला हात लावायला हवा होता, 'अरेरे, भारतीलाही मिळालं असतं' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते काहीच म्हणाले नाहीत.


२० जुलै

भांडण झालं. मी आबांशी एवढ्या मोठ्या आवाजात कधी बोलले नव्हते.

"ताईचं शिक्षण तुमच्या स्वाभिमानापायी गेलं. आता माझं जाणार. हा कसला स्वाभिमान आबा?"

"तुझी फी मी भरतो. कंपनीत दुसरी पाळी मागितली हाय. सोळा तास उभं ऱ्हायची सवय हाय मला."

"बावन्न वर्षांचे आहात तुम्ही!"

"मग? बासष्टचा झालो का?"

त्यांना हसवायचं होतं. मी हसले नाही. आबा गेल्यावर आई जवळ येऊन बसली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्यांना सरकारचं भ्या न्हाई, गावाचं बी न्हाई आता. तुझं भ्या हाय."

"माझं? माझं कशाला?"

"लई मोठं करून ठेवलंस तू त्यांना," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. वडिलांना मोठं मानणं हा काय गुन्हा आहे?


२४ जुलै

आबा पाळी संपवून सकाळी आठला आले. आंघोळ केली. ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे. वाच." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. झोप लागली नव्हती. झोपलेल्या माणसाची पाठ अशी ताठ नसते.

मी अंगणात जाऊन वाचलं. नाव, नंबर, जन्मतारीख, उंची. मग दुसऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ. ट्रेड: कुक.

मला वाटलं दुसऱ्या कोणाचं बुक आलं. नाव परत बघितलं. आबांचंच.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. पहिल्यांदा मनात आबा आलेच नाहीत. मॅडमचे पाणावलेले डोळे आले. आता त्यांना कसं तोंड दाखवू, हे आलं. मग सातवीतला निबंध आला, आणि जोशी सर तो वाचताना आबांसाठी अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता ते. रडू आलं, पण ते रागाचं होतं. सगळ्यांच्या आधी उठायचो. कंपनी हलायची नाही. एक अक्षर खोटं नाही आणि तरी मी फसले. नंतर कळलं की मला कोणी फसवलंच नव्हतं. दोन आणि दोन मीच सात करत होते.




२५ जुलै

आज सुट्टी होती आबांना. सकाळी ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. शेवटी विचारलं, "आबा, अख्ख्या कंपनीला डाळ किती लागते?"

त्यांनी चमकून बघितलं. मी चेष्टा करतेय का, ते बघत असावेत. मग म्हणाले, "डोंगरावर का खाली?"

"म्हणजे?"

"डोंगरावर डाळ शिजत न्हाई लवकर. आदल्या दिशी भिजवायची. आनी थंडीत मानूस जास्त खातो." मग बोलायलाच लागले. मी त्यांना इतका वेळ सलग बोलताना कधी ऐकलं नाही. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. रॉकेलचा भट्टीसारखा स्टोव्ह असतो, तो भडकला की हात भाजायचेच. भरतीला गेले ते बंदुकीसाठीच. उंची अर्ध्या इंचाने कमी भरली. भरतीवाला म्हणाला, कुकची जागा आहे, येतोस का.

"स्वयंपाक यायचा तुम्हाला?"

"पानी उकळाया यायचं. बाकी तिथंच शिकलो, शिव्या खाऊन." मग म्हणाले, "प्रज्ञे, आमच्या गावात आमच्या हातचं पानी कोन पीत न्हवतं. आनी तिथं एकशेवीस मानसं, मराठा, जाट, बामन, समदी, ताट घिऊन माझ्यापुढं रांगंत. पहिल्या आठवड्यात दोघं अडले. इचारलं, कुक कोन हाय, कुठला हाय. सुभेदार म्हणाला, ताट पुढं करा न्हाई तर उपाशी ऱ्हावा. तिसऱ्या दिशी दोघं बी आले. एक जन तर नंतर रोज करपलेली भाकर मागून न्यायचा. मला वाटलं, हे गावात जाऊन सांगंन. छाती फुगवून सांगंन."

"मग का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. पहिल्या सुट्टीला गेल्तो. पारावर लोकं बसल्याली. म्हणलं, मी फौजंत कुक हाय. तर एक जन म्हणाला, 'आरं, बायकांचं काम करायला एवढ्या लांब कशाला गेला?' समदे हासले. आपली बी मानसं हासली. त्या दिवसापास्नं कुनी इचारलं तर 'फौजंत हाय' एवढंच सांगितलं. आनी घरात चुलीकडं बघितलं न्हाई."

एकाहत्तरला पुढच्या खंदकांत जेवण पोचवायचं काम होतं. दोन डबे खांद्यावर, रोज, गोळे पडत असताना. "बंदूक नव्हती का तुमच्याकडे?" मी विचारलं. म्हणाले, "हुती. पर डबं धरलं की हात कुठं उरतो?" बुकात शेवटच्या पानावर एका साहेबाचा शेरा आहे. इंग्रजीत. आबांना तो तोंडपाठ आहे, पण अर्थ कोणाला विचारायची सोय नव्हती. मी वाचून मराठीत सांगितला: 'चौदा दिवसांत या कंपनीच्या एकाही जवानाला एकही जेवण चुकले नाही.'

आबांनी बुक माझ्याकडून घेऊन मिटलं. मग म्हणाले, "भारतीचं मी नुकसान केलं. तिच्या येळेला हे बुक हाफिसात उघडावं लागलं आसतं, केडगावात कळलं आसतं. मी पोरीपरीस खुर्ची मोठी धरली. हे मला ठावं हाय. तू मला त्याबद्दल सोडू नको."

मी सोडलं नाही. सोडण्याचा अधिकार ताईचा आहे, मी तसं म्हटलंही. पण हे असं बोलायला लढाईपेक्षा कमी धैर्य लागत नाही, असं मला वाटतं.


२८ जुलै

बुक घेऊन मी गोरक्षनाथ भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी बघितलं आणि हसले नाहीत. "मला वाटलंच हुतं," म्हणाले. "पहाटं तीनला उठनारा फौजेत एकच. दाखला आत्ता देतो. जनरलच्या पोरीला जेवढी सवलत, तेवढीच कुकच्या पोरीला." मग आवाज खाली आणला. "कॉलेजच्या अर्जात काय लिहिलंस?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"ऐक. माझ्या दाखल्यात नुसतं 'माजी सैनिक' आसतं. बुकाचं ट्रेडचं पान जोडू नको, नुसतं पहिलं जोड. कुनी बघत न्हाई. तुझं बी झाकलं, त्यांचं बी झाकलं."

मन क्षणभर तिकडे गेलं. क्षणभर नाही, रिक्षा केडगावात येईपर्यंत.

काकासाहेब सुभेदारांकडे कॉलेजच्या फॉर्मवर ओळखीच्या सहीसाठी जायचं होतं. आबा ज्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात त्यांनाच आता हे दिसणार होतं. मी फॉर्म आणि बुक पुढे केलं. त्यांनी बुक न उघडता फॉर्मवर सही केली.

"उघडून बघा ना काका."

"काय बघायचं? कुक हाय. मला पहिल्या सव्वीस जानेवारीलाच कळलं. झेंडावंदनानंतर चहा दिला तर पठ्ठ्या वास घिऊन म्हणाला, दूध आदी घातलंय."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"त्यानं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. खंदकात बसल्यावर गरम डाळ आननारा मानूस आमाला देव हुता गं. पासष्टला आमचा कुक दोन दिवस आला न्हाई तवा बुटाचं चामडं चावलं आमी." मग मिशीत हसले. "बन्सीला सांग, बारा वर्सं माझ्या शेजारी बसतो, एकदा बी चहा करून पाजला न्हाई. लाज वाटाया पायजे."

घरी येऊन आबांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बारा वर्सं?" आणि परत म्हणाले, "बारा वर्सं." मग तोंड धुवायला गेले ते दहा मिनिटं आलेच नाहीत.

नंतर मी विचारलं, "कॉलेजात काय करू? आणि पंधरा ऑगस्टचं?"

"बुक दिलं तुला. खरं हाय ते लिही. पर लिहिलेलं मला आदी वाचून दावू नको. मी कच खाईन."


३१ जुलै

दहाला कॉलेजात पोचले. मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगितलं. अर्जातला मजकूर चुकीचा आहे, तो मी बुक न बघता लिहिला, वडिलांनी मला खोटं सांगितलेलं नाही. ते स्वयंपाकी होते. हात स्टोव्हने भाजलेत.

मॅडमनी हात पुढे केला. बुक घेतलं आणि पानन् पान वाचलं. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "चौदा दिवस," त्या म्हणाल्या. नंतर अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी 'प्रत्यक्ष लढाऊ सेवा' आणि 'जखमा' यांवर रेघ मारली, वर 'स्वयंपाकी' लिहिलं, बाजूला सही केली. ट्रेडचं पान प्रतींत सगळ्यात वर लावलं. साडेअकराला प्रवेश पक्का झाल्याची पोच मिळाली.

मी निघाले तर मॅडम म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टचं निमंत्रण आज सायक्लोस्टाईल होणार आहे. वक्त्याचा परिचय द्यायचाय. नुसतं 'माजी सैनिक' लिहिलं तरी चालेल, प्रज्ञा. काही प्राध्यापक नाकं मुरडतील. तुझ्या वडिलांना तोशीस नको. तूच लिही आणि पाचच्या आत टायपिस्टकडे दे."

मला वाटलं होतं की आता सगळं सोपं झालं. झालं नव्हतं. अर्ज फायलीत जातो, तो कोणी बघत नाही. निमंत्रण केडगावच्या शाळेतही जाणार, राहात्याला ताईकडे जाणार, कदाचित अकोल्यापर्यंत जाईल, त्या पारापर्यंत. आबांना विचारायला घरी जायला वेळ होता. सहा आसनी रिक्षाने जाऊन-येऊन तास लागतो. मी गेले नाही. त्यांनी सांगितलं होतं ना, वाचून दावू नको. पण खरं सांगायचं तर मला त्यांच्या नाहीची भीती वाटत होती, आणि हो म्हणाले असते तर मग ते माझं राहिलं नसतं.

वाचनालयात बसून चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्ही वेळा विशेषणं फार झाली. चौथ्यांदा हे राहिलं:

'प्रमुख वक्ते: नायक बन्सी गणपत भिंगारदिवे (निवृत्त), स्वयंपाकी. १९७१च्या युद्धात पुढच्या खंदकांत चौदा दिवस जेवण पोचवले. एकाही जवानाचे एकही जेवण चुकले नाही.'

टायपिस्ट बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, "स्वयंपाकी ठेवायचं ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी स्टेन्सिल कापली. मी मशिनपाशी उभी राहिले. दीडशे प्रती निघाल्या, शाईने माझे हात काळे झाले. चाळीस पोस्टात टाकल्या. एक काकासाहेबांच्या घरी दिली, एक केडगावच्या शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापकांच्या समोर मी स्वतः लावून आले.